वडिलांच्या निवृत्तीचे पैसे: ट्रेझरी बिल, सरकारी रोखे की आणखी काही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६२ वर्षांचे, सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. फंड, ग्रॅच्युइटी आणि साठवलेले मिळून ४६ लाख रुपये आहेत. ते सध्या दोन सहकारी बँका, एक राष्ट्रीयीकृत बँक आणि एक पतसंस्था यांत वाटून ठेवलेत. घरखर्चाला महिना २० हजार लागतात. पुढच्या वर्षी वरच्या मजल्याचं काम काढायचंय, त्याला ५ लाख. कुणीतरी सांगितलं की सगळे पैसे काढून सरकारी ट्रेझरी बिलं आणि बाँड (म्हणजेच रोखे) घ्या, बुडायची भीतीच नाही. ते खरं का, आणि दुबईतल्या भावालाही घेता येतील का, हे विचारलंय.

मी बरीच वर्षं बँकेच्या ट्रेझरीत सरकारी रोख्यांच्या व्यवहारात काढली, आता लोकांना गुंतवणुकीचा सल्ला देतो. म्हणून आधी निकाल सांगतो, कारणं नंतर. पतसंस्थेतले पैसे काढायचे हे योग्य. सगळेच्या सगळे रोख्यांत टाकायचे हे चूक. तुमच्या वडिलांच्या बाबतीत रोख्यांचा वाटा आहे, पण तो तुम्ही समजताय त्यापेक्षा बराच लहान आहे.

‘बुडायची भीती नाही’ हे वाक्य अर्धं खरं आहे. केंद्र सरकार रुपयात कर्ज काढतं आणि रुपयात फेडतं. मुदत संपली की दर्शनी किंमत, म्हणजे रोख्यावर लिहिलेली मूळ रक्कम, मिळणार, मधलं व्याज ठरल्या तारखेला खात्यात येणार, याबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. पण मुदत संपायच्या आधी पैसे लागले, तर रोखा बाजारात विकावा लागतो आणि तिथे त्या दिवशीचा भाव मिळतो. तो घेतल्या भावापेक्षा कमी असू शकतो, आणि लांबच्या रोख्यात बराच कमी असू शकतो. घेणारे नेमके इथेच फसतात. ‘सरकारी आहे’ एवढं ऐकून ३० वर्षांचा रोखा घेतात आणि तीन वर्षांनी मुलीच्या लग्नाला विकायला काढतात.

आकडाच बघा. २०२१ च्या जुलैमध्ये सरकारनं ६.१० टक्के व्याजाचा, २०३१ ला फिटणारा रोखा काढला. तेव्हा दहा वर्षांच्या सरकारी रोख्यांचा बाजारातला दर सहा टक्क्यांच्या आसपास होता, म्हणून हा रोखा साधारण १०० च्या भावाला विकला गेला (भाव नेहमी दर्शनी १०० रुपयांमागे सांगतात). पुढच्या जूनपर्यंत, म्हणजे वर्षभराच्या आतच, बाजारातला दर साडेसात टक्क्यांवर गेला. बाजारात साडेसात मिळत असताना ६.१० चा जुना रोखा कुणी १०० ला घेत नाही; त्या दरानं या रोख्याची किंमत काढली तर ९१ च्या आसपास येते. एक लाखाचा रोखा घेणाऱ्याला त्या महिन्यात विकायची वेळ आली असती, तर हातात साधारण ९१ हजार पडले असते. सरकारनं एक पैसाही बुडवला नव्हता. रोखा ठेवला असता तर २०३१ ला पूर्ण एक लाख मिळणारच होते, आजही मिळणार आहेत. पण ज्याला त्या जूनमध्ये पैसे हवे होते, त्याला याचा काय उपयोग?

मुदत जितकी लांब, तितका हा हिसका मोठा. बाजारातला दर एक टक्क्यानं वाढला तर ९१ दिवसांच्या बिलाच्या भावात शंभरामागे २४-२५ पैशांचा फरक पडतो. ७ टक्क्यांच्या दहा वर्षांच्या रोख्याचा भाव १०० वरून ९३ च्या जवळ येतो. चाळीस वर्षांचा असेल तर ८८ वर. दर उतरले तर हेच उलट्या दिशेनं होतं, आणि मग लोक खुशीत येतात. म्हणून मी कुणालाही पहिला प्रश्न एकच विचारतो: हे पैसे तुम्हाला कधी लागणार? ती तारीख आणि रोख्याची तारीख जुळली, तर बाजारात काय चाललंय ते बघायची गरजच उरत नाही.

आता ट्रेझरी बिल. हे सरकारचं अल्प मुदतीचं कर्ज. ९१, १८२ आणि ३६४ दिवस अशा तीन मुदती. यावर वेगळं व्याज मिळत नाही. बिल सवलतीच्या भावात विकत घ्यायचं आणि मुदतीला पूर्ण १०० घ्यायचे. किमान १० हजारांचं, पुढे १० हजारांच्या पटीत. लिलाव दर आठवड्याला, सहसा बुधवारी होतो आणि बिलं दुसऱ्या दिवशी खात्यात जमा होतात.

समजा ३६४ दिवसांच्या बिलाचा सरासरी भाव ९४.५० निघाला. तुम्ही ५ लाखांची बिलं मागितली तर ४,७२,५०० रुपये जातील आणि वर्षानं ५ लाख परत येतील. फायदा २७,५००. इथे बरेच जण म्हणतात, साडेपाच टक्के मिळाले. तसं नाही. तुम्ही १०० घातलेच नव्हते, ९४.५० घातले होते. त्यावर ५.५० मिळाले, म्हणजे वर्षाच्या हिशोबानं ५.८४ टक्के. हा हिशोब स्वतः करायला शिका: फायदा भागिले घातलेली रक्कम, गुणिले ३६५, भागिले दिवस. बँकेच्या ठेवीशी तुलना करायची असेल तर हाच आकडा वापरायचा.

तुलना केलीत तर थोडी निराशा होईल, ती आधीच सांगून ठेवतो. वर्षभराच्या मुदतीत मोठ्या बँकेची ठेव बिलापेक्षा बहुतेक वेळा थोडं जास्तच देते, आणि ज्येष्ठ नागरिकाला वर अर्धा टक्का असतो. शिवाय ठेव मोडता येते, दंड भरून का होईना. बिल मोडता येत नाही, विकावं लागतं. मग बिल घ्यायचं कशाला? दोन कारणं. एक, तीन महिन्यांसारख्या छोट्या मुदतीला बँका फारच कमी व्याज देतात, तिथे बिल सहसा पुढे असतं. दोन, ठेव विमा. डीआयसीजीसीचं, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या ठेव विमा महामंडळाचं संरक्षण ४ फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेत एका माणसाला मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंत आहे. त्याआधी एकच लाख होतं. एकाच बँकेच्या तीन शाखांत तीन ठेवी ठेवल्या तरी मर्यादा तीच. बिलाला अशी मर्यादाच नाही, कारण तिथे थेट सरकारच देणेकरी आहे.

आणि पतसंस्था? तिथल्या ठेवीला हा विमा लागूच नाही. बाहेर ‘सहकारी’ अशी पाटी असली तरी बँक आणि पतसंस्था यांत हा मोठा फरक आहे. गावाकडे तो कुणी सांगत नाही, कारण चेअरमन ओळखीचा असतो आणि व्याज एक-दीड टक्का जास्त मिळतं. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला ठेवीदाराला फक्त एक हजार रुपये काढायची परवानगी होती. ती बँक होती, रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखाली होती, तरी ही गत. तुमच्या वडिलांच्या पतसंस्थेबद्दल मला काहीच ठाऊक नाही, ती उत्तम चाललेली असू शकेल. पण आयुष्यभराच्या कमाईचा मोठा भाग तिथे ठेवू नये. मुदत संपेल तशी एकेक ठेव काढून घ्या. मध्येच मोडून व्याज गमवायची घाई नको.

दीर्घ मुदतीचे रोखे हा दुसरा प्रकार. नावातच बहुतेक माहिती असते. ‘७.१० टक्के जीएस (गव्हर्न्मेंट सिक्युरिटी, म्हणजे सरकारी रोखा) २०३४’ म्हणजे दर्शनी १०० वर वर्षाला ७.१० व्याज आणि २०३४ मध्ये परतफेड. हा रोखा ८ एप्रिल २०३४ ला फिटतो, म्हणून व्याज दर ८ एप्रिल आणि ८ ऑक्टोबरला. एक लाखाचा घेतला तर दर खेपेला ३,५५० रुपये थेट बँक खात्यात. व्याज सहामाहीच मिळतं, दरमहा नाही. वेगवेगळ्या महिन्यांत व्याज देणारे सहा रोखे गोळा करून दरमहा उत्पन्न ‘तयार’ करायची युक्ती हल्ली फार सांगितली जाते. त्यात गैर काही नाही, पण सहा रोखे सांभाळायचा व्याप वाढतो, आणि तेच काम पोस्टातलं मासिक उत्पन्नाचं खातं जास्त व्याजात करून देतं.

नावातला ७.१० हा तुमचा परतावा नव्हे, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. हाच रोखा नऊ वर्षं शिल्लक असताना तुम्हाला १०४ ला मिळाला, तर व्याज ७.१० मिळत राहील पण शेवटी १०४ चे १०० होतील. हा तोटा धरला की खरा परतावा साडेसहा टक्के निघतो. पडद्यावर भावाशेजारी ‘यील्ड’ म्हणून जो आकडा असतो, तो हा. एजंट व्याजाचा आकडा मोठ्यानं सांगतो आणि यील्डचा गिळतो. रोखा घेताना फक्त यील्ड बघायचं.

आणखी एक गोष्ट लोकांना गोंधळात पाडते. जुना रोखा बाजारात किंवा फेरविक्रीच्या लिलावात (सरकार आधीचाच रोखा पुन्हा विकतं तेव्हा) घेतला की भावापेक्षा जास्त पैसे जातात. मागच्या व्याज तारखेपासून आजपर्यंतचं व्याज तुम्ही आधीच्या मालकाला, किंवा लिलावात सरकारला, देत असता. पुढच्या तारखेला पूर्ण सहा महिन्यांचं व्याज तुम्हालाच मिळतं, त्यामुळे हिशोब मिटतो. याला कमिशन समजून रिझर्व्ह बँकेकडे तक्रार करायला निघालेले लोक मी पाहिलेत.

घ्यायचे कुठून? पूर्वी सामान्य माणसाला हा बाजार बंदच असल्यासारखा होता. व्यवहार कोटींत व्हायचे, बँका, विमा कंपन्या आणि प्रायमरी डीलर (सरकारी रोख्यांचे अधिकृत घाऊक व्यापारी) आपापसांत करायचे, आणि बाहेरच्या माणसाला भावही नीट कळायचा नाही. १२ नोव्हेंबर २०२१ ला रिझर्व्ह बँकेनं सामान्य माणसाला थेट रोखे घेता यावेत म्हणून रिटेल डायरेक्ट ही ऑनलाइन सोय सुरू केली आणि चित्र बदललं. रिझर्व्ह बँकेच्याच वहीत तुमच्या नावाचं खातं उघडतं, उघडायला आणि चालवायला शुल्क नाही; फक्त पैसे भरताना पेमेंट गेटवेचं शुल्क असेल तर ते आपल्याला पडतं. मोबाइल ॲप २०२४ च्या मेपासून आहे. ब्रोकरकडूनही डिमॅटमध्ये रोखे घेता येतात आणि ज्यांचं डिमॅट आधीच आहे त्यांना ते सोपं वाटतं. पण लिलावात ते शंभरामागे सहा पैशांपर्यंत कमिशन घेऊ शकतात. दहा वर्षांच्या रोख्यात ही रक्कम किरकोळ आहे. ९१ दिवसांचं बिल वर्षात चार वेळा फिरवलंत तर चार वेळा जाते.

खातं उघडताना पॅन, आधार, बचत खातं, मोबाइल आणि ई-मेल लागतो. कागदोपत्री हे पंधरा-वीस मिनिटांचं काम. आपल्याकडे मात्र ते नावावर अडतं. आधारवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव. पॅनवर मधलं नाव नुसतं आद्याक्षर. बँकेत आडनाव आधी. यंत्राला ही तीन वेगळी माणसं वाटतात आणि अर्ज परत येतो. म्हणून अर्ज भरण्यापूर्वी तिन्ही कागद समोर ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा, आणि फरक असेल तर आधी बँकेत जाऊन दुरुस्त करा. खातं एकट्याचं किंवा दोघांचं मिळून काढता येतं. वडिलांसोबत आईचं नाव घाला आणि नॉमिनेशनही त्याच वेळी भरा.

लिलावात तुम्ही भाव सांगायचा नसतो. बँका आणि मोठ्या संस्था भाव टाकून भांडतात, तुम्ही फक्त रक्कम सांगता. याला बिगर-स्पर्धात्मक बोली म्हणतात. बिलांच्या आणि केंद्राच्या रोख्यांच्या लिलावात जाहीर रकमेच्या पाच टक्क्यांपर्यंत हिस्सा अशा बोलींसाठी राखलेला असतो, आणि लिलावात जो भारित सरासरी भाव (मोठ्या बोलीला जास्त वजन देऊन काढलेली सरासरी) ठरतो तो तुम्हाला मिळतो. म्हणजे दिवसभर पडद्यासमोर बसणाऱ्या डीलरला जो भाव मिळतो, त्याच्या सरासरीला सांगलीत बसून तुम्हाला माल मिळतो. या सोयीची किंमत लोकांना कळलेली नाही असं मला नेहमी वाटतं.

बोली लिलावाच्या आधी बंद होते, म्हणून बुधवारच्या बिलासाठी सोमवार-मंगळवारीच बोली टाकून ठेवा. भाव आधी ठाऊक नसल्यामुळे अंदाजे भावावर थोडी जादा रक्कम घेतली किंवा अडकवली जाते, वाटप झाल्यावर उरलेली परत येते. केंद्राच्या रोख्यांचे लिलाव सहसा शुक्रवारी, राज्यांच्या रोख्यांचे मंगळवारी. २०२५ च्या ऑगस्टपासून बिलांसाठी आपोआप बोली लागण्याची सोयही झाली आहे: एक बिल फिटलं की त्याच पैशांतून पुढचं. ज्यांना दर तीन महिन्यांनी आठवण ठेवणं जमत नाही त्यांच्यासाठी ती चांगली.

घेणं असं सोपं आहे, विकणं नाही. रिटेल डायरेक्टमधून दुय्यम बाजारात, म्हणजे आधी विकले गेलेले रोखे लोक आपापसांत घेतात-विकतात तिथे, जाता येतं आणि प्रायमरी डीलरांनी तिथे किरकोळ गुंतवणूकदारांना भाव द्यावा अशी व्यवस्था जानेवारी २०२२ मध्ये केली गेली. तरी लहान रकमेला मिळणारा भाव मोठ्या व्यवहारातल्या भावापेक्षा पडेल असतो, आणि फारसा व्यवहार न होणारा जुना रोखा असेल तर गिऱ्हाईकाची वाट बघावी लागते. त्यामुळे मी घरगुती गुंतवणूकदाराला विकण्याचा विचार मनात ठेवून रोखा घेऊच देत नाही.

‘रेपो दर उतरणार आहे, लांबचे बाँड घ्या, भाव वाढतील’ असं सांगणारे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. २०२५ चं उदाहरण ताजं आहे. फेब्रुवारी ते जून या काळात रिझर्व्ह बँकेनं रेपो, म्हणजे ती बँकांना ज्या दरानं अल्प मुदतीचं कर्ज देते तो दर, ६.५० वरून ५.५० टक्क्यांवर आणला. जूनमधली कपात तर एकदम अर्ध्या टक्क्याची, बाजाराच्या अपेक्षेपेक्षा मोठी. पण त्याच दिवशी बँकेनं धोरणाचा पवित्रा ‘तटस्थ’ केला, म्हणजे आता आणखी फार कपात होईल असं धरू नका. झालं काय? दहा वर्षांचा दर त्यानंतर खाली यायच्या ऐवजी वर गेला आणि ऑगस्टअखेर ६.६ टक्क्यांच्या आसपास पोचला. रेपो उतरला आणि लांबच्या रोख्यांचे भावही उतरले. ज्यांचं पोट या अंदाजांवर चालतं तेही यात चुकतात. निवृत्तीच्या पैशांनी हा डाव खेळू नये.

राज्य सरकारचे रोखेही रिटेल डायरेक्टवर मिळतात. महाराष्ट्र हे मोठं कर्ज काढणाऱ्या राज्यांपैकी एक, त्यामुळे त्याचे रोखे लिलावात वरचेवर येतात, गोव्याचेही असतात. केंद्राच्या तेवढ्याच मुदतीच्या रोख्यापेक्षा यात काही दशांश टक्के जास्त मिळतं. केंद्राची हमी नसली तरी परतफेडीचं काम रिझर्व्ह बँकच बघते. मुदतीपर्यंत ठेवणार असाल तर हा जादा परतावा घ्यायला माझी हरकत नाही. मध्येच विकायला मात्र केंद्राच्या रोख्यापेक्षा अवघड जातं.

फ्लोटिंग रेट सेव्हिंग्ज बाँड हा वेगळाच प्राणी आहे आणि लोक त्याची गल्लत वरच्या रोख्यांशी करतात. १ जुलै २०२० पासून सुरू, मुदत सात वर्षं, किमान एक हजार रुपये, वर मर्यादा नाही. व्याज राष्ट्रीय बचत प्रमाणपत्राच्या दरापेक्षा ०.३५ टक्के जास्त. प्रमाणपत्राचा दर ७.७ असताना ८.०५ टक्के. हा दर दर सहामाहीला ठरतो आणि १ जानेवारी व १ जुलैला व्याज मिळतं. बाजारात विकता येत नाही, तारण ठेवता येत नाही, म्हणून भाव पडायचा प्रश्नच नाही. पण पैसे अडकतात. ६० ते ७० वयाच्या माणसाला सहा वर्षांनी, ७० ते ८० ला पाच आणि ८० च्या पुढे चार वर्षांनी मोडता येतात, तेही शेवटच्या सहामाहीच्या निम्म्या व्याजाचा दंड भरून. बँकांत मिळतात, रिटेल डायरेक्टवरही मिळतात.

करांबद्दल थोडक्यात. बाँडचं व्याज उत्पन्नात धरलं जातं आणि तुमच्या टप्प्यानुसार कर लागतो. बिलावरच्या फायद्याचंही तेच. सरकारी रोखे करमुक्त असतात हा समज चुकीचा आहे. साध्या सरकारी रोख्यांच्या व्याजातून टीडीएस कापला जात नाही, सेव्हिंग्ज बाँडमधून कापला जातो. कापला नाही म्हणजे कर नाही असं नव्हे. ज्येष्ठांना जुन्या करप्रणालीत ठेवींच्या व्याजावर ५० हजारांची वजावट आहे, ती रोख्यांच्या व्याजाला मिळत नाही. तुमच्या वडिलांचं एकूण उत्पन्न मात्र वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास जाईल. नव्या करप्रणालीतल्या १२ लाखांच्या सवलतीमुळे त्यांना कर लागणार नाही. विवरणपत्र भरत राहा, कापलेला टीडीएस परत मिळवायला ते लागतं.

आता मांडणी. पहिले ३० लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत, पोस्टात किंवा बँकेत. एका माणसाची कमाल मर्यादा तेवढीच आहे. हे लिहिताना दर ८.२ टक्के आहे आणि खातं उघडलं त्या दिवशीचा दर पाच वर्षं बदलत नाही. दर तिमाहीला ६१,५०० रुपये, म्हणजे महिन्याला २०,५००. घरखर्च तिथेच भागला. हीसुद्धा केंद्र सरकारचीच देणेदारी आहे, आणि कोणत्याही बिलापेक्षा किंवा दहा वर्षांच्या रोख्यापेक्षा जास्त देते. जो सल्लागार साठीच्या माणसाला ही योजना न सांगता आधी बाँड विकतो, त्याच्याकडे परत जाऊ नका. मुदतीआधी खातं बंद करता येतं: एक वर्षाच्या आत केलं तर व्याज नाही, दोन वर्षांच्या आत मुद्दलाच्या दीड टक्का आणि नंतर एक टक्का कपात.

वरच्या मजल्याचे ५ लाख ३६४ दिवसांच्या बिलात, किंवा राष्ट्रीयीकृत बँकेत त्यांची आणखी रक्कम नसेल तर तिथल्या वर्षाच्या ठेवीत. जिथे जास्त मिळेल तिथे. काम पावसाळ्यानंतर काढणार असाल तर बिलाची तारीख सप्टेंबरअखेर पडेल असं बघा. गवंड्याला पैसे टप्प्याटप्प्यानंच द्यावे लागतात, त्यामुळे २ लाख १८२ दिवसांच्या आणि ३ लाख ३६४ दिवसांच्या बिलात असंही करता येईल. तीन लाख बचत खातं आणि छोट्या ठेवींत, दवाखान्यासाठी, एटीएमच्या अंतरावर.

उरले ८ लाख. इथे रोखे आले. यातले ४ लाख २०३३-३४ च्या सुमारास फिटणाऱ्या केंद्राच्या किंवा महाराष्ट्राच्या रोख्यात घालावेत. कारण असं की पाच वर्षांनी ज्येष्ठ नागरिक योजनेची मुदत संपेल तेव्हा नवा दर काय असेल ते कुणालाच ठाऊक नाही. या ४ लाखांचा दर मात्र तेव्हाही बांधलेला असेल. बाकीचे ४ लाख फ्लोटिंग रेट बाँडमध्ये, सहा वर्षं हात लावायचा नाही याची खात्री असेल तरच. नसेल तर तेही बँकेत राहू द्या. तीस-चाळीस वर्षांचा रोखा वडिलांच्या नावे एकही नको, त्यावर कितीही चांगला यील्ड दिसला तरी.

आई साठीच्या पुढे असतील आणि त्यांची स्वतःची काही रक्कम असेल, तर ज्येष्ठ नागरिक योजनेत त्यांच्या नावे वेगळं खातं निघतं, त्यांची ३० लाखांची मर्यादा वेगळी.

दुबईतला भाऊ रिटेल डायरेक्टवर खातं उघडू शकतो. परकीय चलन कायद्याखाली पात्र अनिवासी भारतीयांना बिलं आणि रोखे घेता येतात. फ्लोटिंग रेट बाँड आणि ज्येष्ठ नागरिक योजना त्याला मिळणार नाही. त्याचे पैसे वडिलांच्या नावावर टाकून ही योजना भरायचा विचार चालला असेल तर तो सोडून द्या, पुढे वाटणीच्या वेळी भावाभावांत त्याचा हिशोब लागत नाही. त्याला पाच-सात वर्षं पैसे लागणार नसतील तर महाराष्ट्राचा सात वर्षांचा रोखा त्यानं स्वतःच्या नावे घ्यावा.

खातं उघडताना पत्ता स्वतः टाइप करा: आरबीआय रिटेल डायरेक्ट डॉट ओआरजी डॉट इन. व्हॉट्सॲपवर आलेल्या दुव्यावरून जाऊ नका. ‘रिझर्व्ह बँकेतून बोलतोय, तुमचं बाँड खातं सुरू करून देतो’ असा फोन वडिलांना आला तर तो ठेवून द्यायला त्यांना आजच सांगून ठेवा. लॉगिनचं नाव आणि नोंदवलेला मोबाइल नंबर कुठला, हे एका कागदावर लिहून पोस्टाच्या पासबुकात ठेवा आणि आईला दाखवा. पासवर्ड त्यावर लिहू नका. आणि एखाद्या पतसंस्थेच्या ठेवीची मुदत येत्या महिन्यात संपत असेल, तर आपोआप नूतनीकरणाची सूचना दिलेली आहे का ते शाखेत जाऊन बघा. ती आधी रद्द करावी लागेल, नाहीतर पैसे पुन्हा वर्षभर तिथेच.